डोंबिवलीत मतदान कमी का होते : निश्चिंतपणामुळे की यादीमुळे?

धागाकर्ता (डोंबिवली पूर्व)

20 मे 2024 रोजी लोकसभेसाठी मतदान झाले, तेव्हा कल्याण मतदारसंघात जेमतेम निम्मे मतदार केंद्रांपर्यंत पोहोचले. 2014 साली हे प्रमाण सुमारे 43 टक्के आणि 2019 साली सुमारे 45 टक्के होते, त्या मानाने ही प्रगतीच म्हणायची. यावर दर वेळी "सुशिक्षितांची उदासीनता" असे ठरलेले उत्तर दिले जाते आणि ते मला पटत नाही. ज्या शहरातून गुढीपाडव्याच्या शोभायात्रेची प्रथा राज्यभर गेली, तिथल्या माणसाला सार्वजनिक जीवनाचे वावडे आहे असे कसे म्हणावे?

माझ्या मते इथला मतदार उदासीन नाही, तो निश्चिंत आहे. जनसंघ-भाजपच्या परंपरेतले रामभाऊ म्हाळगी 1977 साली आणि राम कापसे 1989 व 1991 साली तेव्हाच्या ठाणे मतदारसंघातून निवडून गेले, त्या काळापासून इथल्या मध्यमवर्गीय घरांचा कल ठरलेला आहे. डोंबिवली विधानसभेची जागा 2009 पासून सलग चार वेळा भाजपकडे, तीही रवींद्र चव्हाण यांच्याकडेच राहिली आहे. 2019 साली लोकसभेचा निकाल भाजपच्या मित्रपक्ष शिवसेनेच्या बाजूने सुमारे 3 लाख 44 हजारांच्या फरकाने लागला. इतक्या मोठ्या फरकात आपल्या एका मताने काय होणार, असे जिंकणाऱ्या बाजूच्या माणसाला वाटते, आणि हरणाऱ्या बाजूचाही हिशेब तोच असतो.

प्रतिसाद 1 : निवृत्त शिक्षक, अनेक निवडणुकांत मतदान केंद्राध्यक्ष

आपण ज्या टक्केवारीवर एवढा इमला उभा केला आहे, ती मुळात एक अपूर्णांक आहे आणि तिचा छेद फुगलेला आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणारे कुटुंब डोंबिवलीतून बदलापूरला जाते, पण त्याचे नाव इथल्याच यादीत राहते. नव्या पत्त्यासाठी नमुना 8 भरावा लागतो, मृत व्यक्तीचे नाव वगळण्यासाठी नमुना 7 द्यावा लागतो, आणि दुःखातल्या घराला ते सुचत नाही. मतदानाच्या दिवशी गैरहजर, स्थलांतरित व मृत मतदारांची वेगळी यादी केंद्राध्यक्षाकडे दिलेली असते. ती चाळताना, आपण कोणाची वाट पाहत बसलो आहोत, असा प्रश्न मला नेहमी पडत असे. याच्या उलट, वीस वर्षे एकाच इमारतीत राहणारा माणूस ओळखपत्र घेऊन येतो आणि यादीत नाव नाही म्हणून परत जातो. त्याच्या मनातला कल कोणताही असला तरी तो मोजला जाणार कुठे?

प्रतिसाद 2 : रोज 7.40 ची लोकल पकडणारी

यादीचा मुद्दा मान्य आहे, पण दोघेही कॅलेंडर विसरलात. 20 मे हा सोमवार होता. शनिवार आणि रविवार जोडून आले होते, शाळांना सुट्टी होती आणि निम्मी डोंबिवली कोकणात आंबे उतरवत होती. पुष्कळांची नावे तर गावच्याच यादीत आहेत, कारण गावच्या घराशी आणि जमिनीशी असलेले नाते त्यांना तोडायचे नसते. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 135ब नुसार मतदानासाठी पगारी सुट्टी द्यावी लागते, परंतु ती न देणाऱ्या मालकाला होणारा दंड 500 रुपयांपर्यंतच आहे. रोजंदारीवरच्या सुरक्षारक्षकाने त्या कलमाच्या भरवशावर मुंबईतली पाळी सोडावी, असे कोण सांगेल? नोव्हेंबर 2024 मध्ये विधानसभेसाठी मुद्दाम बुधवार निवडण्यात आला आणि राज्याचे मतदान 66 टक्क्यांच्या वर गेले. 1995 नंतरचा तो उच्चांक होता.

प्रतिसाद 3 : डोंबिवलीलगतच्या 27 गावांतला रहिवासी

"इथला कल ठरलेला आहे" हे वाक्य डोंबिवली शहरातल्या फडके रोडवर उभे राहून लिहिलेले दिसते. मनसेने कल्याण ग्रामीण विधानसभा 2009 आणि 2019 साली जिंकली. कल्याण-डोंबिवली महापालिकेत 2010 साली त्यांचे पंचविसाहून अधिक नगरसेवक होते, 2015 साली ते 9 उरले. अशा मतदाराला निश्चिंत कसे म्हणायचे? आमची गावे 1983 साली महापालिकेत घेतली, 2002 साली वगळली आणि 2015 साली पुन्हा घेतली. पाणी आणि मालमत्ता कर हे प्रश्न दारात असल्यामुळे आमच्याकडे म्हातारी माणसेही रिक्षाने केंद्रावर आणली जातात. तुमच्या इमारतीत शेजारी कोण राहतो हेच ठाऊक नसेल, तर कोण कोणाला बाहेर काढणार?

धागाकर्ता

फडके रोडचा टोला स्वीकारतो, आणि माझे विधान डोंबिवली शहरापुरते आवरून घेतो. छेदाबद्दलही गुरुजींचे बरोबर आहे. तरीही एक गोष्ट उरतेच. यादी 2019 सालीही सदोष होती आणि 2024 सालीही. मतदान मात्र वाढले आणि विजयाचे अंतर सुमारे 2 लाख 9 हजारांवर आले. लढत खरी वाटली म्हणून लोक बाहेर पडले, असा अर्थ मी काढतो.

प्रतिसाद 2

मधल्या काळात, 2022 साली, शिवसेना फुटली हे आपण गाळता आहात. जुन्या मतदाराला कोणते चिन्ह आपले, हेच नव्याने ठरवावे लागले. ही निश्चिंती मोडली ती मतदाराने नव्हे, पक्षांनी.

धागाकर्ता

म्हणजे निश्चिंती होती, हे आपण मान्य करता!

प्रतिसाद 1

होती असे धरू. मग जानेवारी 2026 च्या महापालिका निवडणुकीकडे पाहा. मुदत नोव्हेंबर 2020 मध्ये संपली होती, पाच वर्षे प्रशासकाचा कारभार चालला, आणि इतकी वाट पाहिल्यावर अनेक जागा बिनविरोध झाल्या. त्या जागांपुरते मतदाराला यंत्राचे बटण दाबायलाच मिळाले नाही. त्याला निश्चिंत म्हणा की उदासीन, टक्केवारीत तो सापडणारच नाही. आमच्या मजल्यावरच्या चार घरांपैकी दोन घरांची नावे अजून जुन्या पत्त्यावर आहेत. रविवारी त्यांचे नमुना 8 भरून घेणार आहे.