फुटलेली काच, सुया, डायपर: कचरा नेणाऱ्या ताईंच्या हाताला लागू नये म्हणून घरातून काय करायचं?

चाफा

पुण्यातली जुनी सोसायटी. तीन मजले, चोवीस घरं, लिफ्ट नाही. सकाळी साडेसातला दोन ताई येतात, दारोदारच्या बादल्या गोळा करतात आणि मग खाली पार्किंगच्या कोपऱ्यात बसून सुका कचरा हातांनी निवडतात. दोघींच्याही बोटांवर कायम चिंधी बांधलेली असते. ओला-सुका वेगळा करायला बहुतेक घरं शिकली आहेत, पण त्यापुढचं कुणी सांगत नाही. म्हणून नेमकं विचारतो:

१. काच फुटली तर ती कशी बांधून द्यायची? वर्तमानपत्रात गुंडाळली की पुरे का?
२. पॅड आणि डायपर काही घरं काळ्या पिशवीत घट्ट गाठ मारून देतात. हे बरोबर आहे का?
३. दोन घरांत रोज इन्सुलिन घेणारे आजी-आजोबा आहेत. त्यांच्या सुयांचं काय करायचं?
४. मागे वर्गणी काढून रबरी हातमोजे दिले, ते वापरले गेले नाहीत. कुठले द्यायला हवे होते?

कारणांसकट सांगाल तर बरं. नुसतं "असं करा" म्हटलं की मीटिंगमध्ये कुणी ऐकत नाही.

उंबर

आधी एक गोष्ट, बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. निवडणारी बाई बंद पुडी उघडून बघतेच. पुठ्ठा, बाटली, डबा, पत्रा विकून तिच्या कमाईचा मोठा भाग येतो, त्यामुळे आत काय आहे ते कळत नसलेली पुडी तिला सोडून देता येत नाही. म्हणून पुडी अशी बांधा की न उघडता आत काय आहे ते समजेल. तुमची काळी पिशवी इथेच चुकते. तिने घाण झाकली जाते खरी, पण पिशवी उघडली जाते आणि हात थेट आत जातो.

आता काच. वर्तमानपत्र पुरत नाही. बादलीत थोडा जरी ओलावा असला तरी कागद मऊ पडतो आणि टोक बाहेर येतं. शिवाय गोणीत जागा करायला कचरा तळहाताने दाबतात, जास्त करून लागतं ते तेव्हाच. म्हणून जाड पुठ्ठा हवा, किंवा त्याहून चांगलं म्हणजे आट्यांच्या झाकणाची प्लॅस्टिकची बरणी अथवा पत्र्याचा डबा.

पायात चप्पल घाला, मोठे तुकडे हाताने उचला आणि सगळे एकाच दिशेने आडवे ठेवा. बारीक चुरा झाडूने गोळा करा. शेवटी जी कुसळं राहतात ती ओल्या कागदाने किंवा चिकटपट्टीने टिपा. कणकेचा गोळा दाबून कुसळं उचलायची पद्धत आहे, पण पुढे तो गोळा ओल्या कचऱ्यात जातो आणि गाय नाहीतर कुत्रं तो खातं. तसं करू नका. पुसलेला कागदही काचेच्याच खोक्यात टाका.

खोक्यातली मोकळी जागा चुरगळलेल्या कागदाने ठासून भरा. ही पायरी बहुतेकजण गाळतात. आत काच हलत राहिली की जिना उतरेपर्यंत खोक्याचा कोपरा कापून बाहेर येते. मग चिकटपट्टी उभी आणि आडवी, दोन्ही बाजूंनी फिरवा. खोकं लहानच ठेवा. जड झालं की तळ सुटतो.

खूण सहाही बाजूंना करा, खोकं कुठल्या बाजूवर पडेल ते सांगता येत नाही. "काच" असं लिहा, पण सगळ्यांनाच वाचता येतं असं नाही, तेव्हा सोबत लाल फुली काढा. चोवीसही घरांची खूण एकच असू दे. आणि हे खोकं बादलीत टाकू नका. हातात द्या आणि तोंडाने सांगा, "ताई, यात काच आहे."

बांगड्यांचं वेगळं. बांगडी वाढली की तुकडे छोटे आणि वाकडे पडतात, कागदातून निसटतात. तीन-चार तुकडे रिकाम्या काडेपेटीत मावतात. वर चिकटपट्टी आणि फुली. न फुटलेली बाटली मात्र बांधायची नाही. ती उघडी, वेगळी द्या, तिचे पैसे येतात.

सीएफएल किंवा ट्यूब फुटली तर वरची पद्धत चालत नाही, आत थोडा पारा असतो. खिडक्या उघडा, पंखा बंद करा, दहा मिनिटं माणसं आणि मुलं खोलीबाहेर ठेवा. झाडू किंवा व्हॅक्यूम लावलात तर पारा घरभर पसरतो. दोन कडक पुठ्ठ्यांनी तुकडे सरकवून उचला, भुकटी चिकटपट्टीने टिपा, फरशी ओल्या कागदाने पुसा आणि सगळं घट्ट झाकणाच्या बरणीत बंद करा. ही बरणी सुक्या कचऱ्यात नाही, घातक कचऱ्यात जाते.

मोरपंख

पॅड आणि डायपरबद्दल. पुण्यात "स्वच्छ" या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेने यासाठी लाल ठिपक्याची खूण रुजवली: कागदात गुंडाळलेली पुडी आणि वर ठळक लाल ठिपका. २०१६ च्या घनकचरा नियमांमध्येही असा कचरा नीट गुंडाळून द्यायची जबाबदारी घरावरच होती, मीटिंगमध्ये हे सांगायला हरकत नाही.

पॅड आतल्या बाजूने गुंडाळायचं, म्हणजे चिकट बाजू बाहेर येते. नव्या पॅडचं वेष्टन त्यावर चिकटवलं की वळकटी सुटत नाही. मग वर्तमानपत्राचं अर्धं पान, दोन्ही टोकं आत दुमडून. दोरा किंवा रबरबँड लागत नाही. ठिपका निदान रुपयाएवढा हवा, लांबून दिसला पाहिजे.

डायपरमधली शी आधी संडासात टाका आणि फ्लश करा. हे केलं तर निम्मं काम झालं, कारण वासापेक्षा गळतीचा त्रास मोठा असतो आणि ती गळती निवडणारीच्या मांडीवर, साडीवर होते. मग डायपर पुढून मागे घट्ट गुंडाळा, त्याच्याच दोन पट्ट्यांनी बंद करा, कागद, ठिपका. मोठ्या माणसांच्या डायपरला एक पान पुरत नाही, दोन घ्या. हे सगळं सुक्यात मिसळायचं नाही. वेगळी पिशवी ठेवा आणि तिच्यावरही ठिपका काढा.

पॅड किंवा डायपर संडासात टाकून पाणी सोडणं हा उपाय नव्हे. आतला शोषक भाग पाण्याने फुगतो, लाइन तुंबते आणि ती मोकळी करायलाही शेवटी कुणा माणसालाच हात घालावा लागतो.

गांडूळखत

ओल्याबद्दल थोडक्यात. लिफ्ट नाही म्हणताय, तर पाणी म्हणजे नुसतं वजन. खरकटं चाळणीत निथळून मग बादलीत टाका. बादलीला प्लॅस्टिकची पिशवी लावू नका. ती ताईंना हाताने उलटी करून रिकामी करावी लागते आणि खरकटं कोपरापर्यंत येतं. तळाला वर्तमानपत्राचं एक पान घातलं की बादली उपडी करताच सगळं सुटून येतं.

निर्माल्यातल्या हारांचा दोरा, जर आणि टाचण्या काढूनच द्या. ओल्यात कुणी टाचणीची अपेक्षा करत नाही, म्हणून तीच खोल जाते. कबाबच्या काड्या आणि टूथपिक मोडून, कागदात गुंडाळून.

आणि दुधाची पिशवी! कोपरा पूर्ण कापून टाकू नका, चीर द्या आणि तुकडा लोंबता राहू दे. तो नखाएवढा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही, थेट गटारात जातो. पिशवी विसळून उलटी वाळवली तर विकली जाते. आंबलेली असेल तर तिला भाव नाही आणि ती निवडायला बसणाऱ्या बाईला वास.

निशिगंध

सुयांचं मी सांगते, त्यात धोका सगळ्यात जास्त आहे.

डबा कुठला? फरशी पुसायच्या द्रावणाची किंवा कपडे धुण्याच्या लिक्विडची जाड बाटली, आट्यांचं झाकण असलेली. पाण्याची बाटली पातळ असते, तिच्यातून सुई आरपार येते. दुधाची पिशवी, थर्माकोलचा पेला, औषधाचं पुठ्ठ्याचं खोकं, यातलं काहीच चालत नाही. बाटली जिथे इन्सुलिन घेतात तिथेच ठेवा. दुसऱ्या खोलीत ठेवली तर सुई आधी टेबलावर राहते आणि मग केरात जाते.

सिरिंज असेल तर टोपण परत लावायचा प्रयत्न करू नका, स्वतःला टोचतं ते बहुतेक तेव्हाच. सुईचं टोक खाली करून तशीच बाटलीत सोडा. इन्सुलिनच्या पेनची सुई काढायची असेल तर मोठं बाहेरचं टोपण टेबलावर उभं ठेवा, एका हाताने पेन त्यात दाबा आणि फिरवून सुई सोडवा. सुई हाताने वाकवू किंवा मोडू नका. साखर तपासायच्या छोट्या लॅन्सेटही याच बाटलीत, त्या हमखास विसरल्या जातात. दाढीच्या पात्यांसाठी वेगळा पत्र्याचा डबा करा, झाकणाला चीर पाडलेला.

बाटली पाऊण भरली की थांबा. काठोकाठ भरली की शेवटची सुई दाबावी लागते. झाकण घट्ट, भोवती चिकटपट्टी, लाल फुली. ती ओल्या-सुक्या कचऱ्यासोबत द्यायची नाही. घरगुती घातक कचरा कुठे आणि कुठल्या दिवशी घेतात ते वॉर्ड ऑफिसात विचारा. किंवा जिथे आजी-आजोबांची तपासणी होते त्या दवाखान्यात, लॅबमध्ये विचारा. त्यांच्याकडे सुयांसाठी पांढरा पारभासी, सुई आरपार न जाणारा डबा असतोच.

जुन्या गोळ्या पट्टीसकट टाकल्या की कुणीतरी वापरतं. गोळ्या पट्टीतून काढा, चहाच्या चोथ्यात कालवा, बंद पिशवीत भरा आणि ती घातक कचऱ्यात द्या.

इतकं करूनही कुणाला सुई टोचलीच तर: वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. बोट तोंडात घालायचं नाही, पिळायचं नाही, हळद-चुना काही लावायचं नाही. लगेच सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या आणि "कचऱ्यातली वापरलेली सुई टोचली" असं स्पष्ट सांगा. एचआयव्ही टाळण्याची औषधं लागणार असतील तर ती शक्यतो दोन तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. "उद्या रजा काढून जाते" म्हणाल्या तर ऐकू नका, सोसायटीतल्या कुणीतरी गाडीवर घेऊन जा.

चाफा

फार उपयोगी. काडेपेटीचं डोक्यात आलंच नव्हतं. हातमोज्यांचं राहिलं.

खडीसाखर

पातळ रबरी मोज्यांत दहा मिनिटांत घाम साचतो, बोटं घसरतात आणि वस्तू चाचपता येत नाही. निवडण्याचं काम बोटांच्या जाणिवेवर चालतं, पुठ्ठा ओला की कोरडा, पिशवी पातळ की जाड. ती जाणीव गेली की वेग जातो, म्हणून मोजे काढून ठेवले जातात. यात ताईंचा निष्काळजीपणा नाही.

विणलेल्या कापडाचे, फक्त तळवा आणि बोटांना नायट्रिलचा, म्हणजे एका कृत्रिम रबराचा, थर दिलेले मोजे घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पाठीमागून हवा लागते, धुता येतात. माप विचारून घ्या. दुकानात पटकन हाताला येतात ते पुरुषी मापाचे, त्यांत बायकांची बोटं पुढे रिकामी राहतात. प्रत्येकीला दोन जोड, म्हणजे एक धुवून वाळत घालता येतो. आणि हे मोजे कापणं कमी करतात, सुई अडवत नाहीत, त्यामुळे निशिगंध यांची बाटली काही सुटत नाही.

सोसायटीचे पैसे खर्च करायचे असतील तर मोज्यांआधी लस बघा. धनुर्वाताचा डोस दर दहा वर्षांनी लागतो. जखम मळकी असेल आणि शेवटच्या डोसला पाच वर्षं उलटली असतील तर डॉक्टर पुन्हा देतात. हिपॅटायटिस बी चे तीन डोस असतात: पहिला, एक महिन्याने दुसरा, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा. तिसरा हमखास राहतो, म्हणून तारीख सोसायटीच्या कॅलेंडरवर लिहा. दिवाळीची पोस्त वेगळी, त्यात हे वळतं करू नका.

खालच्या नळापाशी साबण आणि वॉचमनच्या संडासाची किल्ली, या दोन गोष्टी फुकटच्या आहेत. सकाळपासून बाहेर असलेल्या बाईला संडास मिळत नाही म्हणून ती पाणीच पीत नाही.

उंबर

दोन गोष्टी राहिल्या. संक्रांतीनंतर गच्चीत, झाडांत अडकलेला मांजा. नायलॉनचा मांजा २०१७ पासून देशभर बंदीत आहे तरी येतोच. काढल्यावर तसाच टाकला तर गोणीत हाताला आवळतो आणि डेपोवर पक्ष्यांच्या पायांत गुंततो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळा, मग ती गुंडाळी कात्रीने आडवी कापा, म्हणजे एकही धागा बोटापेक्षा लांब उरत नाही. तुकडे कागदात बांधून द्या.

दुसरं म्हणजे मोबाईलची फुगलेली बॅटरी. दाबली किंवा टोचली गेली तर पेटते, आणि कचऱ्याच्या गाडीत सगळं दाबलंच जातं. तिच्या टोकांना चिकटपट्टी लावा, कोरड्या वाळूच्या डब्यात ठेवा आणि ई-कचरा घेतात तिथेच द्या.

मोरपंख

खुणांबद्दल एक. स्केचपेनने कागदावर ठिपका छान उठतो, पण प्लॅस्टिकच्या बाटलीवरून तो हाताच्या घामानेच पुसला जातो. तिथे लाल नेलपेंट लावा, दोन मिनिटांत वाळतं आणि पाण्याने जात नाही. वाळलेली, वापरात नसलेली बाटली प्रत्येक घरात एक तरी असते. चार थेंब रिमूव्हर घालून हलवली की एवढ्या कामापुरती चालते.