ऑपरेशननंतरची जखम आणि घरची शुश्रूषा: आपापले अनुभव सांगा

सुरंगी:
आज शेजारच्या वहिनींना हर्नियाचं ऑपरेशन करून घरी आणलं. खोलीत शिरले, बीटाडीनचा वास आला आणि बाबाच आठवले. आचऱ्याचं घर, मृगाचा पाऊस, आतड्याला पीळ पडला म्हणून बाबांचं पोट उघडलेलं. आठव्या दिवशी घरी सोडलं. निघताना सिस्टरांनी मला बाजूला घेतलं. "ताई, कोरडी पट्टी एकदम गुलाबी पाण्याने भिजली तर सकाळची वाट बघत बसू नका."
त्याच रात्री बाबांना खोकल्याची उबळ आली. म्हणाले, "पोटात कायतरी सुटल्यासारखा वाटला गो." कंदील जवळ नेला तर लुंगीचा काठ गुलाबी. आई म्हणत होती, जखमेतून पाणी यायचंच. मी ऐकलं नाही. रिक्षा काढून निघालो. आतले टाके उसवले होते, रात्रीच पुन्हा शिवले. सिस्टरांचं नावसुद्धा विचारलं नव्हतं, ते अजून सलतं.
तुमच्याकडे कोणी केलं असेल तर लिहा. वहिनींच्या सुनेला वाचून दाखवणार आहे.

कर्लीकाठ:
माझ्या आवशीचा पित्ताच्या पिशयेचा ऑपरेशन झाला तेव्हा वाडीतले सगळे येवन सांगीत, माशे देव नको, पू धरतलो. चार दिवस नुसती पेज. डॉक्टरांका कळला तसे रागावले. जखम भरूक प्रोटीन व्हया, अंडी, माशे, डाळ सगळा दी म्हणाले. मगे सौंदाळ्याचा सार केलंय. आवस रडली खाताना 🙂

आबोली:
सौंदाळे आता मिळतात कुठे! आमच्याकडे दोन वाटे घेतले तरी एका माणसाला पुरत नाहीत.

निवृत्त_सिस्टर:
सुरंगी, तू त्या रात्री निघालीस ते फार बरं केलंस. रत्नागिरीत सर्जिकल वॉर्डात 26 वर्षं काढली, ते गुलाबी पाणी दिसलं की आम्हीही धावतच सुटायचो. टाके सुटायचा धोका साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसात जास्त. म्हणून खोकताना, शिंकताना उशी पोटाशी घट्ट धरायची. आणि देव न करो, पण आतडं बाहेर दिसलंच तर आत ढकलू नका. सलाईनमध्ये भिजवलेलं स्वच्छ गॉझ वर ठेवा, गुडघे दुमडून निजवा, तोंडाने पाणीही नको, 108 ला फोन.
रोजचं सांगते. पहिली पट्टी ओली झाली नसेल तर 48 तास उघडायची नाही. नंतर डॉक्टर सांगतील तशी. आधी साबणाने हात, बोटांच्या बेचक्यांसकट. गॉझ चिकटलं तर ओढू नका, सलाईन टाकून पाच मिनिटं थांबा. ओढलं की खाली आलेली कोवळी गुलाबी कातडी सोलून येते, मी पाहिलंय, जीव कळवळतो. पुसताना जखमेकडून बाहेर, एक बोळा एकदाच. हायड्रोजन पेरॉक्साइड रोज ओतू नका, नव्या पेशीही मरतात. कडेला थोडी लाली असते, तिच्याभोवती बॉलपेनने रेघ मारून ठेवा. दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली, हात लावल्यावर गरम लागली, ठणका वाढला, ताप आला, वास आला, तर लगेच दाखवा.
कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

आबोली:
ते बॉलपेनचं आजच कळलं. सिस्टर, खूप आभार.

पेढांबेकरीण:
माझं सिझर जुलै 2021 चं. सातव्या दिवशी चिपळुणात पाणी भरलं. दिराने मला उचलून माडीवर नेलं, तरी पट्टीला पुराचं पाणी लागलंच. सासूबाईंनी लगेच ती काढली, उकळून गार केलेल्या पाण्याने धुतलं, बाळाचं इस्त्री केलेलं दुपटं वर धरलं. दोन दिवसांनी दवाखाना गाठला. एक टाका पिकला होता, बाकी सगळं ठीक. सासूबाई आता नाहीत.

सुरंगी:
पेढांबेकरीण ताई 🙏 त्या माउलीला नमस्कार.

बाव_काठी:
सुरंगी, तुम्ही आचऱ्याच्या कुठल्या? रामेश्वराच्या देवळाकडच्या का? आमच्या काकांच्या अपेंडिक्सचे टाके ताजे असताना गावपळण आली, म्हणजे देवाच्या कौलाने सगळं गाव घरं सोडून वेशीबाहेर राहायला जातं ती. तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर झोपडीत, खाली माती, कडाक्याची थंडी. काकीने त्यांच्या खाटेला चारी बाजूंनी धुतलेल्या साड्या बांधल्या आणि पट्टी बदलायला कोणाला हात लावू दिला नाही. टाके वेळेवर निघाले.

सुरंगी:
हो, देवळाच्या मागच्या वाडीतली! तुमच्या काकी म्हणजे शाळेसमोरच्या का?

दर्यावर्दी:
अण्णांचा गुडघा बदलला. साखर तीनशेच्या आसपास आणि आम्ही नुसती जखम बघत बसलो. कोणीतरी खोबरेल तेल आणि हळद लावायला सांगितली, आम्ही लावली. महिन्याने पू. परत उघडावं लागलं. डॉक्टर म्हणाले, आत सांधा बसवला असेल तर जंतू तीन महिन्यांपर्यंत डोकं वर काढू शकतात, आणि साखर उतरल्याशिवाय जखम भरणार नाही. अण्णांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण ते तेल मी लावलं होतं.

निवृत्त_सिस्टर:
दर्यावर्दी, मायेनेच लावलंत हो. अण्णा चालतात ना आता?

दर्यावर्दी:
हो सिस्टर. काल बंदरापर्यंत गेले, बांगडे घेऊन आले.

बाव_काठी:
शाळेसमोरच्याच! तुम्ही बाबल्याची मुलगी?

सुरंगी:
बाबल्याचीच 🙂 आत्ता वहिनींकडे जाऊन आले. पट्टी कोरडी आहे. सून हात धुऊन उभी होती, लाली अजून तरी दिसत नाही. बॉलपेन देऊन आले.