डोटा २ या ऑनलाइन गेममध्ये मॅच मिळायला इतका वेळ का?

स्टीमवर (जिथून हा गेम चालवतात ते ॲप) लाखो लोक ऑनलाइन दिसतात ना, मग मी फक्त इंडिया सर्व्हर आणि सिंगल ड्राफ्ट (मोजक्या हिरोंमधून एक निवडायचा मोड) टिक केलं की रात्री २ वाजता २० मिनिटं टायमरच बघत बसतो, असं का?

उत्तर १: अरे तो आकडा जगभरचा आहे. तुला लागतात १० जण, तेही त्याच वेळी, त्याच सर्व्हरवर, त्याच मोडमध्ये शोधणारे आणि वर तुझ्या लेव्हलच्या आसपासचे, म्हणजे एकेक टिक काढलीस की चाळणी अजून बारीक. ऑल पिक, टर्बो हे मोड पण टिक करून ठेव.

उत्तर २: साउथईस्ट एशिया पण जोड, सर्व्हर सिंगापूरला आहे, पिंग (सर्व्हरपर्यंत सिग्नल जाऊन यायचा वेळ) वाढेल पण खेळता येतं. सिंगल ड्राफ्टच हवं तर संध्याकाळी बस.