मदत हवी आहे: भित्र्या पेटीवाल्याने भुताला न्याय मिळवून द्यायचा कसा?

एक दीर्घकथा लिहितोय आणि ऐन शेवटाला गाडी रुतली आहे. इथे गाण्यातले जाणकार आहेत म्हणून विचारतो.

नायक पेटीवाला. आयुष्यभर साथच केली, तीही इतकी बिचकत की गवयाने नुसतं वळून पाहिलं तरी ह्याची बोटं अडखळतात. रात्री रियाजाला बसला की भात्याला हात न लावता पेटीतून एक बाई गुणगुणते. तिची बंदिश तिच्या गुरुबंधूने लाटली, तिची मुद्रा, म्हणजे शब्दांत गुंफलेलं रचनाकाराचं नाव, काढून स्वतःची घातली. नियामत खाँच्या बंदिशीत 'सदारंग' येतं, तशी ती मुद्रा. तीच पुसली तर बंदिश कुणाची हे सांगणार कोण? बाई कुणाच्या मानगुटीवर बसत नाही. भर मैफलीत एकदा माझं नाव येऊ दे, एवढंच मागते.

आता गोची बघा. नाव शब्दांत आहे आणि पेटीला शब्दच नाहीत! ह्याला मध्येच उभं करून भाषण द्यायला लावलं तर तो माझा पेटीवाला राहत नाही.

शूमन या जर्मन संगीतकाराच्या व्हायोलिन कन्चेर्तोची (व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीची रचना) हकीकत वाचली. रचना १८५३ची, पण ज्याच्यासाठी लिहिली त्या व्हायोलिनवादक योआखिमने ती कधी जाहीरपणे वाजवली नाही. १९३३मध्ये येली दारानी या वादिकेने सांगितलं की शूमनच्या आत्म्यानेच ती शोधून वाजवायला सांगितलं. १९३७मध्ये बर्लिनला ती वाजली, पण पहिला मान दारानीला मिळाला नाही. तरी तिथे ग्रंथालयात हस्तलिखित होतं. माझ्या बाईकडे कागदाचा कपटाही नाही.

काही सुचतंय का? पोलीस, मांत्रिक आणि 'सगळं स्वप्न होतं' नको.

प्रतिसाद १
पुरावा बंदिशीतच ठेवा. बाईचं नाव चार अक्षरी, चोराचं तीन. मध्यलयीत एक अक्षर ओढून मात्रा भरावी लागते, तिथे बंदिश किंचित लंगडते. घराण्यातले त्याला सौंदर्य म्हणतात (म्हणणारच). रोज मागून तीच जागा भरणाऱ्या साथीदाराला ते खटकायला हवं. मैफलीत त्याने तेवढ्याच जागी हात उचलावा. भित्र्या माणसाला न वाजवणं जमेल.

मूळ लेखक
वा! हे त्याच्या स्वभावातलं आहे. पण तानपुरे चालूच असणार, तबलाही. श्रोत्यांना ते भोक ऐकू येईल?

प्रतिसाद १
पहिल्या रांगेतल्या दोघांना येईल. गवयाला तर नक्कीच, कारण पेटी सतत पाठीशी असते आणि ती एकदम काढली की गळा उघडा पडतो. मैफलीनंतर तो झापेल. तो प्रसंग चुकवू नका, खरी भीती तिथे आहे. भुताची कसली घेऊन बसलात!

प्रतिसाद २
पण बाईला नाव हवंय, मौन नाही. ती त्या रात्री परत येणार.

प्रतिसाद १
येऊ दे की. ह्याने पुढच्या मैफलीतही हात उचलावा, त्याच्या पुढच्याही. बिदाग्या बंद होतील. कधीतरी एखादी शिकणारी मुलगी विचारेल, "काका, तिथे तुम्ही थांबता का?" नाव तिला सांगायचं. ती गाते, तिच्याकडे शब्द आहेत.

मूळ लेखक
म्हणजे कथा अजून दहा पानं वाढली. आभार मानू की काय करू ते कळेना. बाईचं चार अक्षरी नाव सुचवा कुणीतरी, 'पिया'ने संपणारं नको.