काळ्या आणि मरून टी-शर्टवर फ्लोरोसंट रंग मळकट येतोय, इंक कुठली आणि जाळी कुठली घेऊ?

रंगखुळा
नमस्कार मंडळी. स्क्रीन प्रिंटिंगचा घरगुती सेटअप आहे, चार हातांचं छोटं मशीन, मधला थर वरवर सुकवायला एक फ्लॅश हीटर आणि क्युरिंगला, म्हणजे इंक पक्की शिजवायला, हीट प्रेस. एका सायकलवाल्या ग्रुपची ऑर्डर आलीये, साठेक टी-शर्ट, अर्धे काळे कॉटन, अर्धे मरून ड्रायफिट. छातीवर फ्लोरोसंट पिवळा आणि गुलाबी, पाठीवर मोठं नाव हिरव्यात. प्लास्टिसोल (तापवल्यावर पक्की होणारी प्लास्टिकवाली इंक) वापरतोय. डब्यात बघितलं की डोळे दिपतात आणि कापडावर उतरला की तोच रंग एकदम मेलेला दिसतो. काळ्यावर तर पोपटी हिरवा चक्क शेवाळी आलाय. मरूनवर त्या मानाने बरा वाटला होता, पण दुसऱ्या दिवशी सकाळी पिवळा नारिंगीकडे झुकलेला. ही इंकच भंगार आहे का? दुसरी कुठली घेऊ, की वॉटरबेसवर, म्हणजे पाण्यातल्या इंकवर जाऊ? आणि हो, ग्रुपवाले म्हणतायत की रात्री पण चमकलं पाहिजे, त्याचं काय करायचं तेही सांगा.

जाळीवाली
आधी दोन गोष्टी सांगा. खाली पांढरा मारलाय का, आणि जाळी किती T, म्हणजे सेंटीमीटरला किती धाग्यांची?

रंगखुळा
पांढरा मारलाय ताई, एक हात. जाळी सगळ्याला 90T, माझ्याकडे तेवढीच आहे.

जाळीवाली
मग इंकला शिव्या घालू नका, ती निर्दोष आहे 😀

फ्लोरोसंट पिगमेंट म्हणजे साधा रंग नाही हो, राळेसारख्या रेझिनमध्ये फ्लोरोसंट डाय विरघळवतात आणि ते रेझिन दळून त्याची पावडर करतात. ही पावडर अतिनील आणि निळा-जांभळा प्रकाश शोषते आणि तोच पुन्हा पिवळा, हिरवा, गुलाबी करून बाहेर टाकते, म्हणून ती आजूबाजूच्या रंगांपेक्षा जास्त उजळ दिसते. पण झाकायची ताकद तिच्यात जवळपास नसते, ती पारदर्शकच असते. खाली पांढरं असेल तर प्रकाश आरपार जाऊन पांढऱ्यावर आपटून परत येतो आणि रंग पेटतो. खाली करडं असेल तर अर्धा प्रकाश तिथेच गिळला जातो. तुमचा पांढरा 90T मधून एकच हात आलाय म्हणजे तो पांढरा नाहीच, काळ्या भिंतीला एक पातळ हात चुना दिल्यावर जसं दिसतं तसा करडा आहे. त्यावर पिवळट हिरवा टाकला की शेवाळी होणारच.

तेव्हा पैसे खर्चायचेत तर इंकवर नको, जाळीवर खर्च करा. पांढऱ्याला 43T किंवा 48T घ्या, फ्लोरोला 55T नाहीतर 62T. 90T मधून इंकचा थर इतका बारीक पडतो की फ्लोरोला मजा येत नाही, तिला थोडी जाडी लागते. पांढरा मारा, फ्लॅश, परत पांढरा, फ्लॅश, मग फ्लोरो. दुसऱ्या पांढऱ्यानंतर शर्ट नुसता हातात धरून बघा. तोच दुधासारखा स्वच्छ दिसत नसेल तर पुढे जाऊच नका, वरून काहीही टाकलं तरी सुधारणार नाही.

स्क्वीजी_बहाद्दर
+१. फ्लॅशचं मात्र जपून. पांढरा नुसता हाताला चिकटायचा थांबला की बास, बोट लावलं तर डाग येऊ नये इतपतच. खालचा थर पूर्ण शिजवून टाकला की वरचा रंग त्याला नीट धरत नाही आणि धुलाईत पापुद्रे सुटतात. उलट पॅलेट (शर्ट चढवायची फळी) फार तापलं तर इंक जाळीतच चिकट व्हायला लागते. मोठ्या ऑर्डरीत ती भानगड हमखास होते, मध्ये मध्ये पॅलेट गार होऊ दे.

आणि फ्लोरोसंट शक्यतो शेवटी मार. या इंका फ्लॅशनंतर पण जरा चिकट राहतात, त्यावर दुसरी फ्रेम बसली की तिच्या पाठीला रंग चढत जातो आणि दहा-बारा शर्टांनंतर कडा फाटायला लागतात. मध्ये मध्ये फ्रेमची पाठ पुसत जा.

जाळीवाली
बहाद्दर भाऊंचं बरोबर आहे. अजून एक, पिवळ्याची स्क्वीजी (इंक ओढायची रबरी पट्टी) आणि स्पॅचुला वेगळाच ठेवा. फ्लोरोसंट पिवळ्यात चिमूटभर जरी निळा किंवा काळा गेला तर डबाच्या डबा मळतो. खालचं कापड झाकलं जात नाही म्हणून काही जण त्यात पांढरी इंक मिसळतात, ते तर अजिबात नको, पांढऱ्याने तो फिक्का पेस्टल होतो आणि चमक गेली ती गेलीच. फ्लोरोत फ्लोरो मिसळलेला चालतो, पिवळा अधिक गुलाबी केला की झकास नारिंगी मिळतो, त्यासाठी वेगळा डबा घ्यायची पण गरज नाही.

टेबलप्रिंटर
मी उलट सांगतो, प्लास्टिसोलच्या मागे कशाला लागायचं. वॉटरबेसमध्ये फ्लोरोसंट पेस्ट आणि रंग कापडाला धरून ठेवणारा बाइंडर घेऊन पांढऱ्या किंवा फिकट कॉटनवर मारून बघा, हाताला काही लागत नाही आणि रंग असा येतो की बघत राहावं. खाली कापडच पांढरं असल्याने बेसची कटकट नाही. प्लास्टिसोलचे ते तीन थर म्हणजे छातीवर रबराची चटई, सायकल चालवताना घाम कुठून जाणार?

स्क्वीजी_बहाद्दर
टेबलप्रिंटर, मुद्दा बरोबर आहे पण त्याचे शर्ट काळे आणि मरून आहेत. वॉटरबेसला पण गडद कापडावर खाली खादी पेस्ट (कापड झाकणारी जाड पांढरी पेस्ट) लागणारच, मग मऊपणा राहिला कुठे? शिवाय फ्रेमवर वाळणार, मध्ये फोन आला तरी जाळी बंद. वॉटरबेस आधी कधी चालवलेलं नसेल तर डोक्यावर ऑर्डर असताना शिकायला घेऊ नये.

टेबलप्रिंटर
वाळतं ते मान्य. दर वेळी फ्रेमवर इंकचा भरपूर थर ओढून ठेवायचा, बारीक पाण्याचा फवारा जवळ ठेवायचा आणि जाळीवर डिझाइन उठवायचं इमल्शन वॉटर रेझिस्टंट घ्यायचं, नाहीतर जाळीवरचं डिझाइनच विरघळतं. फिक्सर मिसळलं असेल तर लागेल तेवढंच कालवायचं, ते काही तासच टिकतं, उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरता येत नाही. पण ठीक आहे, या ऑर्डरपुरता प्लास्टिसोलच राहू दे. ग्रुपला विचारून बघ मात्र, कॉटनवाले शर्ट पांढरे चालतील का. तुझं अर्धं काम तिथेच संपेल.

क्युरिंगकाका
अरे कॉटनचं सगळे बोलले, त्या मरूनचं कोणीच बोललं नाही. तिथला आजार वेगळा आहे.

ड्रायफिट म्हणजे पॉलिएस्टर. पॉलिएस्टर रंगवतात डिस्पर्स डायने, आणि हा डाय उष्णता मिळाली की वाफ होऊन वर सरकतो. साधारण 150 अंशांच्या आसपास किंवा वर तापवलंस की मरून रंग कापडातून निघून वरच्या इंकमध्ये शिरतो. पांढरा गुलाबी होतो, पिवळा नारिंगी होतो. आणि हे लगेच दिसेलच असं नाही, कधी काही तासांनी, कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसतं. तुला संध्याकाळी चांगला आणि सकाळी बिघडलेला दिसला ते याचमुळे. लाल आणि मरून कापडं यात सगळ्यात बदमाश.

माझ्या मते काय करायचं ते सांगतो. मरूनवर पहिला थर साध्या पांढऱ्याचा नको, करड्या किंवा काळ्या ब्लॉकरचा मार. पॉलिएस्टरसाठीच येतो, त्यातला कार्बन वर येणारा डाय पकडून ठेवतो. त्यावर लो-ब्लीड, म्हणजे कापडाचा डाय सहज चढू न देणारा पांढरा, त्यावर फ्लोरो. कॉटनचा नेहमीचा पांढरा यात वापरायचा नाही. आणि शक्य झालं तर तिन्ही इंका लो-क्युअर घे, म्हणजे 130-140 अंशातच शिजतात. नेहमीच्या प्लास्टिसोलला 160 लागतात आणि 160 ला मरून गप्प बसत नाही. ब्लॉकरची आकृती पांढऱ्यापेक्षा केसभर लहान ठेव, नाहीतर कडेने करडी रेघ डोकावते.

आणि एक गोष्ट लोक विसरतात. प्रेसमधून काढलेले गरम शर्ट एकावर एक रचू नकोस. गठ्ठ्यात उष्णता कोंडून राहते आणि डाय निवांत वर चढत बसतो. एकेक पसरून गार कर, मग रच. सँपल मारलंस की दोन दिवस तसंच ठेव आणि मगच बाकीच्यांना हात लाव, ग्रुपवाले कितीही घाई करू देत.

रंगखुळा
काका दंडवत 🙏 हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, मी पिवळ्याचा डबा बदलून घ्यायला निघालो होतो. हीट प्रेसवर क्युरिंग करतोय ते चालेल ना? तापमान 160 लावतो आणि लेझर गनने बघतो.

क्युरिंगकाका
चालतं, पण लेझर गन वरच्या पृष्ठभागाचं सांगते. तुझा थर आता जाड होणार आहे, वर 160 दिसलं म्हणून तळाशी 160 असेलच असं नाही, आणि प्लास्टिसोल तळापर्यंत शिजला पाहिजे. काळ्या कॉटनला जरा जास्त वेळ दे. आधी फ्लॅशने वरून सुकव, मग टेफ्लॉन किंवा सिलिकॉन पेपर ठेवून हलका दाब. जास्त दाबलंस तर रंग कापडात दबतो आणि चमक कमी होते. वरचा पेपर जसा असेल तशी झिलई उठते, गुळगुळीत असेल तर चकाकी, खरखरीत असेल तर मॅट. शर्ट गार झाल्यावर प्रिंट दोन्ही हातांनी ताण. तडे गेले तर कच्चा राहिलाय. तापमान वाढवून घाई मात्र करू नकोस, फ्लोरोला गरजेपेक्षा जास्त ताव लागला की रंग उतरतो. वेळ वाढव.

धागेदोरे
डीटीएफ करून टाका ना, फिल्मवर छापायचं आणि प्रेसने शर्टावर चिकटवायचं, फ्लोरोसंट इंक त्यात पण मिळते, जाळी नाही, फ्लॅश नाही.

स्क्वीजी_बहाद्दर
प्रत्येक धाग्यावर कोणीतरी डीटीएफ काढतंच 😅 पाच-सात शर्ट असते तर मीही तेच म्हणालो असतो. पण पाठीवरचं नाव मोठं आहे, एवढा सलग पॅच पाठीवर म्हणजे पाठीला प्लास्टिक. शिवाय मरूनवर त्यालाही तोच त्रास, प्रेस गरमच करावा लागतो, डाय तिथेही वर येतो.

धागेदोरे
बरं बरं. पाठीवरच्या अक्षरांत बारीक जाळीदार टेक्स्चर टाका मग, हवा पण खेळेल आणि इंक पण वाचेल.

जाळीवाली
ही सूचना भारी आहे. फक्त 43T वर फार बारीक टेक्स्चर बसत नाही, रेघा जरा ठसठशीत ठेवा.

डिझाइनवरून आठवलं, ग्रुपला मोबाइलवर फोटो पाठवून रंग पास करून घेऊ नका. फ्लोरोसंट रंग स्क्रीनवर खरा दिसूच शकत नाही, चार रंगांच्या छापील प्रूफमध्ये पण नाही. कॅमेरा पण गोंधळतो, गुलाबी भलताच दिसतो आणि मग भांडणं होतात. पँटोनच्या रंगपुस्तकात 801 ते 807 हे निऑन रंग आहेत, बोलताना नंबरात बोला, आणि खऱ्या कापडावर मारलेला तुकडा उजेडात हातात देऊन सही घ्या.

रंगखुळा
सगळं टिपून घेतलं. आता रात्रीचं सांगा ना कोणीतरी. त्यांना "रेडियम" पाहिजे म्हणे.

सायकलस्वार_४२
हे मी सांगते, प्रिंटिंगमधलं कळत नाही पण सायकल चालवते. त्यांना विचारा नक्की काय हवंय, कारण रेडियम म्हणत लोक तीन वेगळ्या गोष्टी मागतात. फ्लोरोसंट दिवसाच्या उजेडावर चालतं. ढगाळ सकाळी किंवा संधिप्रकाशात तर ते फारच उठून दिसतं, कारण तेव्हाच्या उजेडात निळ्या-अतिनील प्रकाशाचा वाटा जास्त असतो. पण अंधारात स्वतःहून चमकत नाही, पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर साध्या शर्टासारखंच दिसतं. दुसरं ग्लो-इन-द-डार्क, उजेड साठवून अंधारात हिरवट पेटणारं, गंमत म्हणून छान पण रस्त्यावर त्याचा काही उपयोग नाही. रात्री गाडीवाल्याला दिसायचं तर तिसरं लागतं, रिफ्लेक्टिव्ह, काचेच्या बारीक मण्यांचं, हेडलाइटचा प्रकाश तसाच उलट गाडीकडे फेकणारं. खांद्यावर आणि पाठीवर रिफ्लेक्टिव्ह टेप किंवा हीट ट्रान्सफर लावून द्या. दिवसा फ्लोरोसंट, रात्री रिफ्लेक्टिव्ह, दोन्ही पाहिजेत.

आणि कृपा करून त्याला सेफ्टी जॅकेट म्हणून विकू नका. अशा जॅकेटांच्या ईएन आयएसओ 20471 या मानकात कापडाचाच रंग, त्याचं किमान क्षेत्रफळ, पट्ट्यांची रुंदी सगळं ठरलेलं आहे, शर्टावर छापलेलं नाव त्यात बसत नाही.

क्युरिंगकाका
ताईंनी बरोबर सांगितलं. हा धंदा निघाला तोच मुळी दिसण्यासाठी. 1930च्या दशकात अमेरिकेत स्वित्झर बंधूंनी हे रंग काढले, त्यातूनच पुढे डे-ग्लो कंपनी झाली, आणि दुसऱ्या महायुद्धात विमानांना आपलं सैन्य वरून ओळखू यावं म्हणून याच रंगांच्या कापडी पट्ट्या जमिनीवर पसरायचे. त्या पट्ट्यांचा खेळही दिवसाउजेडीच.

रंगखुळा
म्हणजे रिफ्लेक्टिव्हचा खर्च वेगळा लावतो. शेवटचं विचारतो, रंग टिकेल किती? ते रोज घालणारेत.

जाळीवाली
हे ऑर्डर घेतानाच सांगून टाका, नंतर सांगितलं तर निमित्त वाटतं. फ्लोरोसंट उन्हात उडतो, साध्या रंगाच्या कितीतरी आधी. ज्या अतिनीलावर तो चमकतो तेच त्याला खातं, त्याला कुठल्याही कंपनीची इंक अपवाद नाही. वरून यूव्ही (अतिनील) रोखणारा पारदर्शक क्लिअर थर मारला तर आयुष्य थोडं वाढतं पण चमक थोडी कमी होते, मी तरी तो मारत नाही. शर्टाबरोबर चिठ्ठी द्या: उलटा करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, प्रिंटवर इस्त्री नको, ब्लीच नको, ड्रायक्लीनिंग तर मुळीच नको.

टेबलप्रिंटर
आणि एक शर्ट जास्तीचा मारून कपाटात ठेव. चार महिन्यांनी कोणी तक्रार घेऊन आलं की शेजारी धरून दाखवता येतो.

रंगखुळा
ठरलं मग. 43T आणि 62T च्या फ्रेम ताणायला टाकतो, मरूनसाठी ब्लॉकर, लो-ब्लीड पांढरा आणि लो-क्युअर फ्लोरो बघतो. काळ्याऐवजी पांढरे कॉटन चालतील का ते आज ग्रुपला विचारतो, चालले तर टेबलप्रिंटर भाऊ, तुमच्या बाइंडर आणि पेस्टचं प्रमाण विचारायला परत येईन.

टेबलप्रिंटर
ये की. पण प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं ते आधी वाच, प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि पेस्ट जास्त टाकली की जास्त चमकेल असं वाटतं, तसं होत नाही, बाइंडर कमी पडतो आणि पहिल्याच धुलाईत बादलीत गुलाबी पाणी.