चीनमध्ये रस्त्यावर काय खाल्लंत? (मंचुरियन सोडून)

मंचुरियन आणि चायनीज भेळ ही आपलीच, मुंबईची. शिकायला, कारखान्याच्या कामाला किंवा यीवूच्या घाऊक बाजारात माल घ्यायला आपली बरीच मंडळी चीनला जाऊन आलीत. टपरीवर, गल्लीत काय खाल्लंत ते सांगा. हॉटेलातला बुफे नको. शहराचं नाव मात्र लिहा, कारण तिकडे दर प्रांताला चव बदलते. खाली आलेली उत्तरं, शहरवार.

*त्यानजिन*
सकाळची गाडी म्हणजे ज्यानबिंग. मुगाच्या पिठाचं घावन म्हणा ना! गोल तव्यावर पीठ पसरायचं, वर अंडं फोडायचं, उलटायचं, गोडसर-खारट सॉस फासायचा, कांद्याची पात भुरभुरायची आणि यौत्याव, म्हणजे तळलेल्या कणकेची लांब कांडी, आत ठेवून घडी घालायची. बाकीच्या शहरांत त्यात सॉसेज न् काय काय कोंबतात. आमच्या कचेरीतले त्यानजिनकर त्याला ज्यानबिंग म्हणायलाच तयार नसत.

*छंदू*
मी मालवणची, म्हणून हे लिहायलाच हवं. दानदान नूडल्सची वाटी छोटीशी असते: तळाला लाल तेल, वर डुकराचा खिमा आणि मुरवलेला मोहरीचा पाला. पूर्वी विक्रेते चूल-भांडी कावडीला लावून दारोदार फिरत. दोन घासांत ओठ बधिर झाले. ते काम मिरचीचं नव्हे, ह्वाज्याव नावाच्या मसाल्याच्या दाण्यांचं. बाजारात ते दाणे हुंगले तर थेट तिरफळ! नंतर कळलं, दोन्ही झाडं झँथोझायलम या एकाच वंशातली. आपण बांगड्याच्या आमटीत तिरफळं घालतो ती वासापुरती, खाताना बाजूला काढतो. तिथे भाजून पूड करतात आणि मापो टोफूवर, म्हणजे झणझणीत रश्शातल्या टोफूवर, शेवटी सढळ हाताने टाकतात. आईला सांगितलं तर म्हणाली, “चावतात? वेडी की काय ती माणसं!”

*वूहान, एमबीबीएसची वर्षं*
रगानम्येन. गरम नूडल्स, तिळाची पेस्ट, मुळ्याचं लोणचं. रस्सा नाही. लगेच कालवायचं, नाहीतर गोळा होतो. लोक चालता चालता खातात, आम्हीही लेक्चरला पळताना तेच केलं.

*शीआन*
यांगरौ फाओमो मागवलं की आधी नुसतं वाडगं आणि कडक रोट्या येतात. रोटी आपणच कुस्करायची, हरभऱ्याएवढी बारीक. मोठे तुकडे केले तर रस्सा आत मुरत नाही. मग वाडगं आत जातं, मटणाच्या रश्शात शिजून परत येतं. सोबत गोड मुरवलेला लसूण. मुस्लिम मोहल्ल्यात खाल्लं, सगळं हलाल. कुस्करताना शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी माझे तुकडे बघून मान हलवली होती.

*ल्यूचौ*
गोगलगायीच्या रश्शातल्या शेवया. गल्लीच्या तोंडाशीच वास येतो. तो गोगलगायीचा नव्हे, आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचा. आवडल्या, पण घरी करायची परवानगी नाही.

*शाकाहाऱ्यांनी काय करायचं? कुणी विचारण्याआधीच लिहिते.*
“वो छृ सू” म्हणा, म्हणजे मी शाकाहारी. तरी भाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, रस्सा हाडांचा असू शकतो. खात्रीची जागा म्हणजे बौद्ध मंदिरांजवळची खानावळ. तिथे कांदा-लसूणही नसतो, त्यामुळे माझ्या जैन मैत्रिणीची चंगळ झाली. थंडीत पिंपात भाजलेली रताळी आणि पाकात घोळवलेल्या आंबट फळांची काडी, थांगहूलू, हे मात्र बिनधास्त घ्या.