नील बेटावर तीन रात्री: भरती-ओहोटी बघून दिवस कसे लावायचे?

मीठभाकर

नमस्कार मंडळी. जानेवारीत अंदमान ठरलंय. पौष पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी नीलला (शहीद द्वीप) पोहोचतोय, तीन रात्री तिथेच मुक्काम. आई-बाबा (६८ आणि ७२, आईचे गुडघे दुखतात), आम्ही दोघं आणि नऊ वर्षांचा मुलगा. पोहता फक्त मला येतं. टूरवाले म्हणतात नीलला एक रात्र पुरे, तीन रात्री काय करणार? शिवाय 'हावडा ब्रिज (तिथली खडकाची नैसर्गिक कमान) ओहोटीलाच बघा' असं सगळे सांगतात, पण ती ओहोटी किती वाजता हे कुणी सांगत नाही. स्नॉर्केलिंग, स्कूबा यातलं कुणाला काय झेपेल? बोट लागण्यावर उपाय? जाणकारांनी जरा तपशिलात सांगा.

उधाण_भांग

'एक रात्र पुरे' हे टूरवाल्यांच्या वेळापत्रकाला पुरे असतं. बोटीतून उतरवायचं, गाडीत घालायचं, चार किनारे दाखवायचे. त्यातले दोन हमखास चुकीच्या पाण्यात. भरतीला हावडा ब्रिज म्हणजे लाटांत उभी एक कमान, जवळ जाता येत नाही. ओहोटीला भरतपूर म्हणजे गुडघाभर पाणी आणि टेकलेल्या होड्या. बेट तेच, फक्त वेळ उलटी पडलेली.

आता गणित. कोकणातला हिशोब तुम्हाला माहीत असेल: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. हा हिशोब आपल्या किनाऱ्याचा. अंदमानात तोच लावला तर फसाल, कारण तिथली भरती आपल्यापेक्षा साधारण दोन तास आधी येते. पौर्णिमा-अमावास्येला भरती सकाळी साडेनऊ-दहाच्या आसपास आणि ओहोटी दुपारी साडेतीन-चारच्या सुमारास. पुढे रोज ५० मिनिटं उशीर. अष्टमीपर्यंत चित्र पार उलटतं, ओहोटी सकाळी येते. पण तो भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वांत कमी असतो ते दिवस; पाणी फार आत जात नाही आणि खडप (किनाऱ्यालगतचा खडकाळ तळ) नीट उघडं पडत नाही.

म्हणून नीलसाठी द्वादशी ते प्रतिपदा हे दिवस सोन्यासारखे. सकाळी भरती, दुपारी उधाणाची ओहोटी, आणि उजेड आहे तोवर सगळं उरकतं. तुमच्या तारखा नेमक्या त्यातच आहेत. मुंबईला उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढतं-उतरतं, तिथे जेमतेम दोन. तरी फरक मोठा दिसतो, कारण प्रवाळाचं खडप जवळजवळ सपाट आहे. पाणी थोडं उतरलं की लांबवर उघडं पडतं. तिथीचा हिशोब आराखड्यापुरता ठेवा. निघण्याआधी पोर्ट ब्लेअरचा भरतीचा तक्ता पाहून वेळा लिहून घ्या, नीलला फरक काही मिनिटांचाच पडतो.

तुमचे दिवस असे लावा:

चतुर्दशी. दुपारी उतरताय, धावपळ करू नका. सूर्यास्ताला लक्ष्मणपूर १. पांढरी पुळण, पश्चिमेला तोंड, चालायला सपाट. आईंनाही जमेल. एकच लक्षात ठेवा: अंदमान पूर्वेला असूनही घड्याळ आपलंच, त्यामुळे जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य पाच-सव्वापाचला बुडतो. पुण्यातल्या सवयीने साडेपाचला निघालात तर काळोख बघायला मिळेल.

पौर्णिमा. सकाळी आठ ते साडेदहा भरतपूरला स्नॉर्केलिंग किंवा काचेच्या तळाची होडी. दुपारी अडीच-पावणेतीनला लक्ष्मणपूर २, म्हणजे तुमचा हावडा ब्रिज. तिथून सूर्यास्ताला परत लक्ष्मणपूर १.

प्रतिपदा. कुणाला स्कूबा करायचं असेल तर सकाळी. बाकीच्यांनी सायकली काढाव्यात. संध्याकाळचं खाली वेगळं सांगतो.

चौथ्या दिवशी बोटीने पोर्ट ब्लेअर आणि रात्र तिथेच. विमानाच्या दिवशी सकाळी नीलहून निघून विमान गाठण्याचा बेत आखू नका. हवा बिघडली की फेरी रद्द होते आणि विमान तुमच्यासाठी थांबत नाही.

खडपावरची

हावडा ब्रिजबद्दल थोडं. कमान बघून फोटो काढून लोक परततात, खरा माल पायाखाली असतो.

ओहोटीच्या वेळेआधी तासभर पोहोचा. पाणी उतरत असताना आत चालायचं आणि ओहोटी उलटली की परतायचं. उलटं केलं तर चढतं पाणी मागून येतं आणि आलेली वाट बुडते. वाहन थांबतं तिथून खाली उतरून मग दगडांवरून चालावं लागतं. दगड शेवाळलेले, काही हलणारे. गुडघे दुखणाऱ्यांनी पायऱ्यांपाशीच शहाळं घेऊन बसावं, हे स्पष्टच सांगते. बाबांना काठी आणि कुणाचा तरी हात असेल तर जमेल.

रबरी चपला नकोत, त्या चिखलात निघून येतात. मागून पट्टा असलेले, जाड तळव्याचे सँडल किंवा जुने बूट घाला. अनवाणी तर अजिबात नको: समुद्री साळिंदराचे काटे असतात, आणि दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासाही या पाण्यात असतो. काटा टोचून असह्य कळ आली तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवून ठेवायचा, ४५ अंशांच्या वर नाही, आणि लगेच दवाखाना गाठायचा. बर्फ लावू नका. उष्णतेने वेदना उतरते, थंडीने नाही. पाय बधिर झाल्यावर पाण्याची धग कळत नाही, म्हणून पाणी दुसऱ्याने हात घालून तपासावं.

पाऊल वाळूच्या पट्ट्यांवर किंवा मेलेल्या, करड्या दगडावर. तपकिरी-हिरवट, बोटांसारखं काही दिसलं तर ते जिवंत पोवळं, त्यावर पाय नाही. डबक्याशी उकिडवे बसा आणि दोन मिनिटं हलू नका, सावलीही पाण्यावर पडू देऊ नका. मग हालचाल सुरू होते: दगडाखालून काळ्या दोऱ्यासारखे हात बाहेर काढणारे तारामासे, रिकाम्या शिंपल्यात घर केलेले खेकडे, क्वचित एखादं छोटं ऑक्टोपस. खडकात रुतलेला मोठा शिंपला दिसेल, त्याच्या नागमोडी ओठांवर निळा-जांभळा रंग असतो. सावली पडली की तो मिटतो. समुद्रकाकडी गाइड कधी कधी हातात देतात. घेऊ नका. घाबरली की ती पांढरे चिकट धागे सोडते, आणि ते परत तयार करायला तिला बराच काळ लागतो.

मुलगा खिसे भरेल, ते निघण्याआधी रिकामे करून घ्या. पोवळ्यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला तुकडाही नेता येत नाही आणि विमानतळावर सामान तपासताना तो सापडतो.

मुखवटा

स्नॉर्केलिंग बहुतेकांचं फसतं ते मास्कमुळे, पोहता येत नाही म्हणून नव्हे. किनाऱ्यावर देतील तो मास्क डोळे मिटून घेऊ नका. पट्टा न लावता नुसता चेहऱ्याला टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा. खाली सरकला तर दुसरा मागा. मुलासाठी लहान मापाचाच हवा, मोठ्यांचा मास्क घट्ट आवळून चालत नाही. जास्त आवळल्याने रबराची कड दुमडते आणि तिथूनच पाणी शिरतं.

मिशी असेल तर गळणार. नाकाखाली व्हॅसलिनचा पातळ थर लावा. कपाळावरचे केस कडेखाली अडकू देऊ नका, एक बटही पुरते. काचेला वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यात एकदा विसळा. ऐकायला किळसवाणं वाटतं, पण चालतं. थुंकीचं वावडं असेल तर लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब.

पाण्यात उतरण्याआधी कमरेइतक्या पाण्यात उभं राहून पाच मिनिटं फक्त तोंडाने श्वास घ्यायचा सराव. नवशिक्याला नळीत पाणी शिरलं की तो डोकं वर काढून मास्क उपटतो, आणि तिथून घाबरगुंडी सुरू होते. त्याऐवजी 'टू' म्हटल्यासारखी जोरात फुंकर मारली की पाणी नळीच्या वरून उडून जातं. हे एकदा जमलं की न पोहणाराही टायर धरून गाइडबरोबर निवांत जातो. लाइफ जॅकेटच्या सगळ्या चापा लावून घ्या. मुलाचं जॅकेट खांद्याशी धरून वर ओढून बघा, हनुवटीपर्यंत आलं तर ते मोठं आहे.

सनस्क्रीन थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट घाला. स्नॉर्केलिंगमध्ये पाठ, मान आणि पोटऱ्या तासाभरात भाजतात, पाणी थंड असल्याने कळत नाही.

स्कूबा: मुलाला नाही, किमान वय १० आहे. नवशिक्यांना प्रशिक्षकाबरोबर नेतात, जास्तीत जास्त १२ मीटरपर्यंत, आणि त्याला पोहता यायची अट नसते. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, रक्तदाबाची गोळी यातलं काही असेल तर आधी डॉक्टर. अर्ज भरताना 'नाही, नाही' करत टिचक्या मारू नका. सर्दी असेल तर त्या दिवशी सोडून द्या. कानातला दाब नाक दाबून, हळू फुंकून मोकळा करावा लागतो. बंद नाकाने तो होत नाही आणि पडदा दुखावतो. हे दर मीटरला करायचं, दुखेपर्यंत थांबून नाही. आणि खाली असताना श्वास कधीच रोखून धरायचा नाही. विमानाआधी निदान १८ तास मोकळे ठेवा.

शहाळं

वरचं सगळं मान्य, एका गोष्टीवर मतभेद. फक्त पोवळी आणि मासे बघायचे असतील तर हॅवलॉकचा (स्वराज द्वीप) एलिफंट बीच भरतपूरपेक्षा उजवा. भरतपूरला बराच भाग वाळू आणि समुद्रगवताचा आहे.

उधाण_भांग

उजवा आहे, पण तिथे होडीने किंवा जंगलातून चालत जावं लागतं आणि गर्दीही तितकीच. दुखरे गुडघे आणि नऊ वर्षांचं पोर घेऊन भरतपूर सोयीचं. धक्क्याला लागूनच आहे, दमलं की पाच मिनिटांत खोलीवर.

शहाळं

ते खरं. आता बाकीचं पटापट.

नावं: ३० डिसेंबर २०१८ला हॅवलॉक, नील आणि रॉस यांची नावं बदलली, २०२४ला पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. तिकिटावर एक नाव, बोलण्यात दुसरं. बुकिंग करताना दोन्ही नावांनी शोधा आणि हॉटेल कोणत्या बेटावर आहे ते नक्की करा.

बोट: सरकारी फेरीला पोर्ट ब्लेअर-नील साधारण दोन तास, खासगी जलद बोटींना तास-दीड तास. मूळ ओळखपत्र प्रत्येकाचं, मुलाचंसुद्धा. खासगी बोटी बंद, वातानुकूलित असतात, डेकवर उभं राहायला मिळेलच असं नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी मधल्या-मागच्या भागातली जागा मागावी, पुढचं टोक सर्वांत जास्त आपटतं. गोळी बसल्यावर नाही, निघण्याआधी तासभर घ्यायची, आई-बाबांच्या चालू औषधांबरोबर चालेल का ते डॉक्टरांना विचारून. उपाशीपोटीही नको आणि पुरी-भाजी हाणूनही नको.

पैसे: रोख न्या. रेंज गेली की यूपीआय अडकतं.

जेवण: नीलवर भाजीपाला भरपूर पिकतो, शाकाहाऱ्यांचे हाल होत नाहीत. वस्ती बंगाली, म्हणून बाजारातल्या साध्या खानावळीत मासे-भात छान मिळतो. मोठा मासा हवा असेल तर दुपारीच सांगून ठेवा.

वाळूमाश्या: पहाटे आणि संध्याकाळी ओल्या वाळूवर बसलात तर चावतात, दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशी पुरळ उठतं आणि आठवडाभर खाज राहते. पाय झाकायचे, चटईवर बसायचं, खाजवायचं नाही.

मीठभाकर

मंडळी, दंडवत! दोनच शंका. बायकोला चष्मा आहे, वजा चार. तो मास्कखाली कसा घालायचा? आणि प्रतिपदेच्या संध्याकाळचं राहिलं.

मुखवटा

चष्मा मास्कखाली जात नाही, काड्यांमुळे कड उघडी राहते. नंबरचे मास्क काही केंद्रांवर असतात, आदल्या दिवशी विचारून ठेवा. पाण्याखाली वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, त्यामुळे अर्धा-एक नंबर कमी मिळाला तरी भागतं. कॉन्टॅक्ट लेन्स घातल्या तर मास्कमध्ये पाणी शिरल्यावर डोळे मिटून घ्यायचे. शक्यतो एकदाच वापरून टाकायच्या लेन्स घ्या, त्या पाण्यातून आल्यावर फेकून देता येतात.

उधाण_भांग

प्रतिपदा. ओहोटी साडेचारच्या आसपास, म्हणजे उजेड आणि पाणी यांची गाठ जेमतेम पडते, हावडा ब्रिजला परत जाऊ नका. सूर्यास्त लक्ष्मणपूरला बघा आणि तडक रिक्षाने सीतापूर गाठा. ते बेटाच्या दुसऱ्या टोकाला, पूर्वेकडे. पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारासच वर येतो, दोन्ही गाठता येत नाहीत. प्रतिपदेला तो तास-पाऊण तास मागे पडतो, तेवढा वेळ बेट ओलांडायला पुरतो. सहाच्या सुमाराला पाण्यातून लालसर चंद्र वर येताना दिसेल, ढग नसले तर. आईंना चालावं लागत नाही, वरच्या कोरड्या वाळूवर खुर्ची मांडली की झालं. पाण्यात मात्र कुणी उतरू नका. त्या बाजूला लाट जोरात आपटते आणि अंधारात तळ दिसत नाही. मगरींबद्दल फलक लावलेला असेल तर दिवसाही त्याचं ऐका.

रिक्षावाल्याला थांबवून ठेवा आणि परतीसकट भाडं आधी ठरवा. सात वाजता तिथे दुसरी रिक्षा मिळत नाही, आणि बाजारापर्यंत अंधारातून पाचेक किलोमीटर आहे.